नाकाचं ऑपरेशन: गावाकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नाक-कान-घशाची ओपीडी बाजाराच्या दिवशी सगळ्यात जास्त भरते. तिथे, फोनवर आणि आशाताईंकडून निरोपानं जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न जमेल तितके विचारणाऱ्यांच्या बोलीतच ठेवले आहेत. हे वाचून घरबसल्या निदान होणार नाही. दवाखान्यात गेल्यावर काय विचारायचं, ते मात्र कळेल.

१. "नाकाचं हाड वाढलं" म्हणून सांगितलं. नेमकं वाढते काय?

बहुतेकदा हाड वाढलेलं नसतंच. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा एका बाजूला कललेला असतो. हा पडदा पुढे लवचीक कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असतो. अगदी सरळ पडदा असलेली माणसं कमीच. फाईलवर "डीएनएस" लिहिलं असेल तर ते हेच.

पण "हाड वाढलं" या नावाखाली आणखी दोन गोष्टी खपून जातात. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर मासाच्या घड्या असतात, त्या ॲलर्जीनं सुजतात. काहींच्या नाकात सायनसमधून, म्हणजे नाकालगतच्या हाडांतल्या पोकळ्यांतून, पांढुरके, गुळगुळीत कोंब उतरतात. नाक तिन्हींमध्ये बंद होतं, इलाज मात्र तिन्हींचे वेगळे. पडदा, घडी की कोंब, हे विचारल्याशिवाय डॉक्टरांच्या खोलीतून उठू नका.

२. पडदा वाकडा आहे म्हणजे ऑपरेशन करावंच लागते का?

नाही. त्रास नसेल तर वाकड्या पडद्याला हात लावायचं कारण नाही. आधी औषध. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना आणि गाजरगवत फुलल्यावर नाक चोंदणारे पुष्कळ येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं नाक स्टेरॉइडच्या फवाऱ्यानं चार ते सहा आठवड्यांत मोकळं होतं. फवारा मात्र नीट मारायला हवा: उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, आणि टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर रोज मारला की खपली धरते, रक्त येतं, आणि मग "औषध गरम पडलं" म्हणून लोक सोडून देतात.

कधी डावी तर कधी उजवी नाकपुडी बंद वाटते, हा आजार नाही. निरोगी नाकातही काही तासांनी एक बाजू थोडी सुजते आणि दुसरी मोकळी होते. कायम एकच बाजू बंद, औषध घेऊनही फरक नाही, वारंवार सायनसचा संसर्ग, त्याच बाजूनं सारखा घोळणा फुटणं, असं काही असेल तर ऑपरेशनचं बोलायचं.

३. मेडिकलातून आणलेले थेंब टाकले की नाक लगेच उघडते. मंग ऑपरेशन कायले?

हे थेंब म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. सर्दीत पाच-सात दिवस ठीक. त्याहून जास्त वापरले की त्यांचा असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप न लागणारे लोक आम्ही नेहमी पाहतो. त्यांना पहिल्यांदा थेंब सोडवावे लागतात. त्यानंतर नाक तपासलं तर कित्येकदा ऑपरेशनचा विषयच उरत नाही.

४. श्वासाचं ऑपरेशन आन दिसण्याचं ऑपरेशन, दोन्ही एकच का?

एक नाही, पण एकाच वेळी होऊ शकतात. पडदा सरळ करणं म्हणजे सेप्टोप्लास्टी. ती आतून होते, बाहेर व्रण राहत नाही आणि नाकाचा आकार साधारण तोच राहतो. नाकाचा कणा, शेंडा, नाकपुड्या यांचा आकार बदलणं म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी. बाहेरून नाक वाकडं आणि आतून श्वासही बंद असेल तर दोन्ही मिळून करतात. नाकाचा बाहेरचा सांगाडाच तिरपा असेल तर आतला पडदा एकटा सरळ करून भागत नाही.

तपासताना डॉक्टर थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरतात. श्वास सोडला की तिच्यावर वाफेचे दोन ठिपके उमटतात. एक मोठा, एक पुसट, असं दिसलं की कुठली बाजू अडली ते कळतं. आणखी एक साधी खूण: नाकाशेजारचा गाल बोटानं बाहेर ओढल्यावर श्वास एकदम मोकळा वाटला, तर अडचण नाकाच्या दाराशी, झडपेपाशी असू शकते. अशा नाकात फक्त पडदा सरळ करून फरक पडत नाही. "ऑपरेशन केलं पण फायदा नाही" म्हणणाऱ्यांत हे लोक असतात.

५. हे शहरातल्या लोकांचे चोचले नाहीत का?

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास उलट दिशेनं वाहतो. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची रीत दिलेली आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेसोबत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं वर्णन चित्रासह छापून आलं. ते वाचून तिथल्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकानं १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं, आणि युरोपात ही विद्या पसरली. कपाळाची कातडी वळवण्याची ही पद्धत आजही वापरात आहे.

दिसण्यासाठी ऑपरेशन करावंसं वाटणं यात लाज नाही. पण ही इच्छा स्वतःची आहे की मुलगी बघायला येणाऱ्यांची, हे ठरवून या. आम्ही पोरीला बाहेर बोलावून, आई-बापाशिवाय, एकदा विचारतो. आणि सेल्फी दाखवून "नाक मोठं आहे" म्हणू नका. मोबाईल चेहऱ्याजवळ धरला की नाक आहे त्याहून मोठं दिसतं. दूरवरून दुसऱ्यानं काढलेला फोटो आणा.

६. पोरगा बारा वर्षांचा आहे, नाक वाकडं आहे. करून टाकावं का?

आकाराचं ऑपरेशन नाकाची वाढ पूर्ण झाल्यावर: मुलींचं साधारण १५-१६ नंतर, मुलांचं १७-१८ नंतर. पडदा खूप वाकडा असून मूल तोंडानंच श्वास घेत असेल तर लहानपणीही जपून, थोडकं काम करता येतं. ताजा मार असेल तर वयाची वाट पाहायची नाही (प्रश्न १४ पाहा).

जन्मतः ओठ-टाळू फाटलेलं असेल तर ओठाचं ऑपरेशन बाळपणीच होतं. नाक थोडं तेव्हा नीट करतात आणि शेवटचं काम वाढ संपल्यावर. अंगणवाडी-शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा लेकरांची नोंद घेऊन पुढे पाठवतं, त्यांना जरूर दाखवा.

७. कुठे जायचं? खर्च किती?

नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स. वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. पडदा आणि सायनसची ऑपरेशनं नाक-कान-घशाचे डॉक्टर करतात. आकाराची ऑपरेशनं त्यांच्यातले या कामाचा सराव असलेले किंवा प्लास्टिक सर्जन. किती ऱ्हायनोप्लास्टी केल्या, हे विचारायला लाजू नका.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार निःशुल्क आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची आहेत, तिथे नाममात्र शुल्क लागतं. खासगीत फरक फार मोठा असतो. भूल, खोली, पॅकिंग (नाकातले बोळे), स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि नंतरच्या तपासण्या धरून एकूण आकडा लेखी मागा. गावाकडच्या माणसाचा खरा खर्च बिलात नसतो: सोबत्याची बुडालेली मजुरी, सीटी स्कॅनसाठी वेगळी फेरी, शेवटची एसटी गेल्यावरचा मुक्काम.

८. फुले योजनेत बसते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आजारासाठीचं ऑपरेशन बसतं की नाही हे ठरलेल्या यादीवर आणि त्या रुग्णालयाला कशाची मान्यता आहे त्यावर अवलंबून. रेशनकार्ड, आधार घेऊन भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. निव्वळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन बसत नाही. दोन्ही मिळून करायचं असेल तर आकाराच्या भागाचे पैसे वेगळे लागतील का, ते आधीच विचारा. "श्वासाचं म्हणून लिहून द्या ना डॉक्टर" ही विनंती करू नका. कागद तपासले जातात आणि अडकता तुम्हीच.

९. खर्रा खातो. त्याचा अन् नाकाचा काय संबंध?

दोन संबंध आहेत. खर्रा म्हणजे सुपारी आणि तंबाखूचं मिश्रण. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उशिरा भरते. दुसरा संबंध लोकांच्या ध्यानात येत नाही: वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड आखडतं. पूर्ण भूल देताना घशात नळी तोंडातून घालतात. तोंडच दोन बोटं उघडत असेल तर भूलतज्ज्ञांना वेगळी तयारी करावी लागते, कधी ऑपरेशन पुढे जातं. आजच आरशासमोर पाहा: तुमचीच तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का? जात नसतील तर नाकाच्या आधी तोंड तपासून घ्या, कारण आखडलेल्या तोंडात कॅन्सरचा धोका असतो. खर्रा ऑपरेशनच्या चार आठवडे आधी सोडा. नंतर पुन्हा धरला नाही तर उत्तम.

१०. घरात सिकलसेल आहे. भूल चालते का?

चालते, पण आधी सांगायलाच हवं. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे आणि कितीतरी जणांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं. आजार असलेल्याच्या शरीरात पाणी कमी पडलं, ऑक्सिजन घसरला किंवा थंडी लागली की दुखण्याचा झटका येऊ शकतो. ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं आणि थिएटर थंड असतं, म्हणून आधीपासून सलाईन, उबदार पांघरूण, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास रक्त, अशी तयारी ठेवतात. हे ऑपरेशन मोठ्या रुग्णालयातच करा. वाहकाला सहसा अडचण येत नाही, तरी सांगा. तपासणी आरोग्य केंद्रात होते.

११. नाकात बोळे घालतात म्हणे. लय दुखते का?

बोळे प्रत्येकालाच घालत नाहीत. घातले तर बहुधा २४ ते ४८ तास. दुखण्यापेक्षा तोंडानं श्वास घेण्याचा वैताग जास्त: ओठ सुकतात, झोप लागत नाही, घास गिळताना कान दडतात. काढताना क्षणभर डोळ्यांत पाणी येतं. आकाराचं ऑपरेशन असेल तर बाहेरून साधारण आठवडाभर कडक पट्टी असते आणि डोळ्यांखाली काळं-निळं होतं, ते दोन आठवड्यांत उतरतं.

१२. वावरात कधी जाता येईल? सोंगणी तोंडावर आहे.

मग सोंगणी उरकूनच या. दोन-तीन आठवडे वजन उचलायचं नाही, वाकून काम नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. धूळ, भुसा, चुलीचा धूर चार आठवडे टाळा, आणि फवारणीला तर जाऊच नका. बायांना हे पाळणं जड जातं, कारण पाण्याचा गुंड आणि चूल सुटत नाही. घरच्यांना ओपीडीत सोबत आणा, आम्हीच सांगतो.

महिना निवडताना दोन गोष्टी पाहा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नाक सुकतं आणि घोळणा फुटायची भीती वाढते. पावसाळ्यात रस्ते. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका तुटतो, आणि ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. अशा गावचे असाल तर तितके दिवस नातेवाइकांकडे शहरात राहा. सरळ बसून, पुढे झुकून, नाकाचा मऊ भाग १०-१५ मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही, तर थेट दवाखाना. ज्यांचं बाहेरचं हाड हलवलं आहे त्यांनी मात्र पहिल्या आठवड्यात नाक न दाबता पुढे झुकूनच निघावं.

१३. नाक धुवायला सांगितलं. विहिरीचं पाणी चालते का?

कच्चं नाही. विहीर, बोअर, नळ, कुठलंही असो, उकळून कोमट केलेलंच. कच्च्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि तो आजार बहुधा जीवच घेतो. एका ग्लासात, म्हणजे सुमारे २५० मिलीत, पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ पुरे.

१४. शंकरपटात बैलाचं शिंग लागलं, नाक वाकडं झालं. सूज उतरल्यावर दाखवू का?

आजच दाखवा. हाड बसवायला मोठ्यांत साधारण दोन आठवडे मिळतात, लेकरांत त्याहून कमी. पण पहिल्या दिवशी दाखवायचं कारण वेगळं आहे. मार लागल्यावर मधल्या पडद्यात रक्त साचू शकतं. दोन्ही नाकपुड्या बंद, आत दोन्हीकडे लालसर मऊ फुगा, वाढतं दुखणं. हे रक्त लगेच काढलं नाही तर दोन-तीन दिवसांत कूर्चा मरायला लागते, पू होतो आणि नाकाचा कणा खचतो. मग जे ऑपरेशन लागतं त्याला बरगडीची कूर्चा काढावी लागते. एका चिऱ्यानं भागलं असतं! लेकरू कबड्डीत किंवा सायकलवरून पडलं तरी हेच.

मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट, एकाच बाजूनं वाहत असेल तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

मारामारीत नाकाचं हाड मोडलं असेल तर पोलीस केसची नोंद करून घ्या. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापत ठरतं, भारतीय न्याय संहितेचं कलम ११६. नोंद नसेल तर नंतर काही सिद्ध होत नाही.

१५. अस्वलानं चेहरा फाडला, नाकाचा तुकडा गेला. जोडता येते का?

तुकडा सापडला तर स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात नको, हळद-चुना तर मुळीच नको. लहान तुकडा लवकर पोचला तर कधी जगतो. नाहीच जगला तर कपाळाची कातडी वळवून नाक घडवतात (प्रश्न ५), त्याला दोन-तीन टप्पे आणि काही महिने लागतात. रेबीज आणि धनुर्वाताची लस चुकवू नका. वनविभागाला लगेच कळवा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातल्या जखमींसाठी सरकारी भरपाई आहे आणि तिला पंचनामा लागतो.

१६. दिवाळीनंतर लग्न आहे. आत्ता नाक केलं तर?

सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते. लग्नाला निदान चार-सहा महिने असावेत. महिन्यावर लग्न असेल तर नाही म्हणतो.

१७. नथ, चष्मा?

कण्यावर काम झालं असेल तर चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवू नका. जुन्या भोकात नथ कधी घालायची ते आणि नवं टोचायचं असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच, घाई नको. अंगावर जखमेचा व्रण फुगून वाढायची सवय असेल तर ती गोष्ट ऑपरेशनआधी सांगा.

१८. पार्लरमध्ये इंजेक्शननं नाक सरळ करून देतात म्हणे, बिना ऑपरेशनचं.

तो फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचा जेल असतो. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. फिलर चुकून आत गेला तर कातडी मरते, कधी नजर कायमची जाते. पार्लरमध्ये हे करूच नये. मोबाईलवर विकायला येणाऱ्या नाकाच्या चिमट्यांनी काही होत नाही, पैसे तेवढे जातात.

१९. घोरणं आन डोकेदुखी जाईल ना?

खात्री नाही. घोरणं बहुधा घशातून येतं. डोकेदुखीचं कारण अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, काहीही असू शकतं. फक्त डोकेदुखीसाठी कोणी पडदा सरळ करायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

२०. नाकात लाल मास आलं, हात लागला की रक्त. हा पण कोंबच का?

प्रश्न १ मधला पांढुरका कोंब नव्हे. लाल, खरबरीत, वर पांढरे ठिपके असतील तर राइनोस्पोरिडिओसिस असू शकतो. छत्तीसगढ आणि त्याला लागून असलेल्या धानपट्ट्यात तळ्यात, बोडीत आंघोळ करणाऱ्यांत हा दिसतो. औषधाच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मास काढून त्याचं मूळ जाळावं लागतं, तरी पुन्हा येऊ शकतं. काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे, कारण वयस्क माणसात एका बाजूनं रक्त येणारी गाठ कॅन्सरचीही असते.

२१. कुष्ठरोग बरा झाला, पण नाक बसलं. आता काही होते का?

होतं. औषधांचा पूर्ण कोर्स झालेला असावा आणि रोग शांत असावा, हे आधी तपासतात. मग बरगडीची किंवा दुसरीकडची कूर्चा आणि हाड वापरून कणा उभा करतात. आतली त्वचा आकसलेली असल्यानं काम अवघड असतं आणि नाक पहिल्यासारखं तंतोतंत होत नाही, हे आधीच सांगतो. तरीही येणारे येतात, आणि यावंच. नाकावरून आजार ओळखला जातो म्हणून पोरीच्या सोयरिकीत मागे बसणारा बाप आम्ही पाहिला आहे. जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयाकडून संदर्भचिठ्ठी घेतली तर पुढची वाट सोपी होते.

२२. दुसरीकडे केलेलं ऑपरेशन बिघडलं. परत करता येते का?

येतं, पण पहिल्या ऑपरेशनला वर्ष होऊ द्या. तोवर सूज आणि व्रण स्थिरावत नाहीत. अपवाद: पडद्याला भोक पडून शिटीसारखा आवाज येणं, सारखं रक्त, पू, किंवा नाक आतून पूर्ण बंद. यांना वाट पाहायची नाही. नाक मोकळं दिसतं पण श्वास जाणवतच नाही, आत खपल्या आणि घाण वास, असं होत असेल तर आधी घड्या जास्त कापल्या गेल्या का हे पाहावं लागतं. अशा नाकात आणखी कापाकापी करू देऊ नका. उन्हाळ्यात अशा खपल्यांवर माशी बसून अळ्या पडतात, म्हणून रोज धुणं (प्रश्न १३) आणि झोपताना नाकावर पातळ फडकं. येताना जुन्या ऑपरेशनचा कागद आणि सीटीची फिल्म आणा. कागद दिला नसेल तर त्या रुग्णालयात लेखी अर्ज करून मागा, तो तुमचा हक्क आहे.